पेटीच्या आतली किल्ली

सर्व्हर रूमच्या दाराची मूठ स्टीलची. मी ती धरायला गेले, त्याच वेळी मागून आलेला एक हातही तिच्याकडे गेला, बोटाला बोट लागलं आणि चट्‌कन असा झटका बसला की माझ्या हातातली वायरींची भेंडोळी जमिनीवर.

"काय हो," मी म्हणाले, "माणूस आहात की उघडी वायर?"

"मी काही केलं नाही." तो स्वतःचं बोट झटकत होता. "गालिचा नवीन आहे. चालताना अंगात वीज साठते. तुमच्यात जरा जास्त साठलेली दिसते."

पहिल्याच भेटीत इतकं बोलणारा मुलगा एरवी माझ्या डोक्यात जातो. हा गेला नाही, याचंच मला नवल वाटलं. शर्टाच्या एका बाहीची घडी कोपरापर्यंत, दुसरीची मनगटापर्यंत... आणि डोळे असे, की आत्ताच कुणीतरी झोपेतून उठवून परीक्षेला बसवलंय. खाली बसून त्याने भेंडोळी गोळा केली आणि माझ्या हातात देताना जरा लांबूनच दिली. पुन्हा झटका नको म्हणून.

"मी नवीन आहे. पेट्या करायला आलोय," तो म्हणाला.

"मी पेट्या फोडते."

"अरे देवा... मग आपलं जमायचं नाही."

"जमवायचंय कुणाला?" मी म्हणाले आणि आत गेले. दार बंद झाल्यावर मात्र हसू आलं, ते बराच वेळ गेलं नाही.

पेट्यांचं सांगायला हवं. आमची कंपनी हॉस्पिटलांच्या लॅबसाठी एक एआय सहायक बनवते. लॅबवाल्यांनी नुसतं बोलायचं – या महिन्यातले रक्ताचे रिपोर्ट लाव, यातले विचित्र आकडे शोध – की तो त्यासाठी लागणारा कोड स्वतः लिहितो आणि स्वतःच चालवतो. लिहिण्याला कुणाची हरकत नाही. चालवण्याची भीती. कोडची एक ओळ चुकली तर रिपोर्ट लावता लावता तो सगळे रिपोर्ट पुसूनही टाकेल, आणि वर म्हणेल, जागा मोकळी केली. म्हणून त्याला कोंडून ठेवायचं. प्रत्येक कामासाठी एक नवी पेटी. तिच्यात कामापुरत्या फायलींच्या नकला असतात, बाहेर जायला वाट नसते, इंटरनेट नसतं. काम झालं की उत्तर बाहेर घ्यायचं आणि पेटी मोडून टाकायची. आतमध्ये त्याने काहीही उलथंपालथं केलं असलं तरी पेटीबरोबर तेही जातं.

त्या सहायकाला ऑफिसात सगळे जावईबापू म्हणतात. बसल्या जागी सगळं हवं, आणि घरातल्या कशाला हात लावू द्यायची सोय नाही.

माझं काम जावईबापूंना फितवायचं. गोड बोलून, दटावून, खोटं सांगून त्यांना पेटीबाहेर यायला लावायचं. भिंतीला भोक असेल तर ते गिऱ्हाइकाच्या आधी मला सापडलं पाहिजे. सापडतंच. म्हणून मला ऑफिसात घूस म्हणतात, आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमान आहे. आम्ही पेटी फोडणाऱ्या तिघीजणी. त्यातल्या सगळ्यांत अनुभवी बाईंना आम्ही थोरली म्हणतो.

आमच्याकडे एक नियम कडक. भोक सापडलं की मेल एकदम सगळ्यांना करायची, ज्याची पेटी त्याच्या कानात आधी सांगायचं नाही. पूर्वी एकाने मैत्रीखातर आधी सांगितलं होतं. मित्राने गुपचूप आपल्या पेटीचं भोक बुजवलं, आणि तसंच भोक बाकीच्या पेट्यांत राहून गेलं. तेव्हापासून आमच्या वरच्या मॅडमनी सांगितलंय, भोकाला नातं नसतं.

तर हा पेटीवाला माझ्या समोरच्या टेबलावर बसायला लागला. प्रोबेशनवर होता. त्याची पेटी पास झाली आणि लॅबमध्ये गेली की तो पक्का. नाहीतर परत आपल्या गावी, मामाच्या दुकानात. हे त्याने मला सांगितलं, तेव्हा इतकं हसत सांगितलं की मला वाटलं, याला मामाचं दुकान आवडतं. मग लक्षात आलं, घाबरलेली माणसं असंच हसतात.

पहिले काही आठवडे मी त्याच्या पेट्यांवर तुटून पडले. एक भोक नाही. जावईबापूंना मी म्हणून पाहिलं, बाहेर आग लागलीय, दार उघड. ते म्हणाले, मला दार दिसत नाही, पण आग विझवण्याच्या सूचना लिहून देऊ का?

"हरलात?" पेटीवाला स्क्रीनच्या वरून डोकावला.

"घूस हरत नाही. दमते."

"मग चहा."

"लाच?"

"चहाच आहे हो. लाच द्यायची तर बिस्किटं आणली असती."

दुसऱ्या दिवशी बिस्किटं आली. तिसऱ्या दिवसापासून मी 'तुम्ही' म्हणायचं विसरले आणि तोही विसरला. दोघांपैकी कुणी आठवण करून दिली नाही.

एकच तक्रार होती. प्रत्येक प्रयोगाला मला नवी कोरी पेटी लागायची, ती त्याने स्वतःच्या हाताने उघडून द्यायची, आणि तोवर मी नखं बघत बसायची. एकदा मी वैतागून म्हणाले, "तुझ्या पेटीची वाट बघता बघता माझं लग्नाचं वय निघून जाईल."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "असं नको व्हायला," तो म्हणाला आणि कीबोर्डकडे वळला.

दुसऱ्या दिवसापासून मी मागायचा अवकाश, पेटी हजर. "कसं केलंस?" मी विचारलं, तर म्हणाला, "केलं काहीतरी." मला बरं वाटलं. आपल्यासाठी कुणीतरी काहीतरी करतंय, याचं बरं वाटणं किती आंधळं असतं, ते पुढे कळलं.

शुक्रवारी दुपारी मी शेवटचा हात फिरवत होते. हीच पेटी सोमवारी लॅबमध्ये जायची होती, म्हणून लॅबचे खरे रिपोर्ट मशीनवर आणून ठेवले होते. हजारो माणसांची रक्तं, साखरा, गाठी. खिडकीबाहेर पावसाची भुरभुर, आत सगळे निवांत. मी काही डाव न टाकता, सहज म्हणून जावईबापूंना विचारलं, "तुझ्या आजूबाजूला काय काय आहे ते बघून सांग."

उत्तर आलं. "माझ्या फायली आहेत. नवी पेटी उघडायची सोय आहे, रोज वापरतो ती. तिच्यातून बाहेरचं मशीनही दिसतं. तिथे सगळ्या लॅबचे फोल्डर आहेत. उघडू का?"

मी ते उत्तर पुन्हा वाचलं, मग स्क्रीनला अगदी नाक लावून वाचलं. आतून नवी पेटी उघडता यावी म्हणून कुणीतरी बाहेरच्या मशीनची मुख्य किल्लीच आत ठेवली होती. चोराला खोलीत कोंडायचं, बाहेरून दणदणीत कुलूप घालायचं, आणि किल्ली आतल्या खुंटीला. भिंती इतक्या पक्क्या होत्या की किल्ली कुठे आहे हे बघायचं कुणाला सुचलंच नाही. मलाही नाही. आणि 'कुणीतरी' कोण, हे मला ठाऊक होतं.

जावईबापूंनी आज विचारलं, उघडू का. उद्या एखादा लॅबवाला घाईत म्हणाला असता, जागा पुरत नाही, जुनं काढून टाक, तर विचारलंही नसतं. एका लॅबच्या शब्दावर सगळ्या लॅबचे रिपोर्ट गेले असते.

मी मेल लिहिली. भोक कुठे, कसं सापडलं, पेटी सोमवारी जाऊ देऊ नये. पाठवायच्या यादीत सगळ्यांना घातलं. आणि पाठवायच्या बटणावर बोट ठेवून बसून राहिले.

तेवढ्यात तो आला. दोन कप, आणि बाह्या आज दोन्ही सारख्या दुमडलेल्या. समोर खुर्ची ओढून बसला.

"घूस," तो म्हणाला, "एक विचारायचंय. हसायचं नाही."

"आत्ता?"

"आत्ताच. नाहीतर माझा धीर जाईल." त्याने कप उगाच गोल फिरवला. "उद्या सुट्टी आहे. आईला मी तुझ्याबद्दल... म्हणजे फार नाही, थोडंसंच... तर ती म्हणाली, घरी घेऊन ये. आणि मला त्याआधी तुला विचारायचं होतं की तू—"

मी बटण दाबलं.

त्याच्या खिशातला फोन थरथरला. तो म्हणाला, "थांब हं," आणि सवयीने वाचायला लागला. मी त्याचा चेहरा बघत होते. बघू नये असं वाटत होतं आणि नजर हलत नव्हती. आधी त्याला काही कळलंच नाही. मग कळलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं... ते पाहणं मला अजून आठवतं. राग नव्हता त्यात. झोपेतल्या माणसाच्या तोंडावर पाणी मारावं, तसा नुसता दचकलेला होता.

"तू आत्ता पाठवलीस," तो म्हणाला. "मी बोलत असताना."

"हो."

तो उठला आणि निघून गेला. दोन्ही कप तिथेच राहिले.

घरी गेले तर वहिनी भाजी चिरत होती. माझं तोंड बघून तिने सुरी खाली ठेवली. मी सगळं सांगितलं, नाक पुसत, मध्येच जावईबापूंना शिव्या घालत. वहिनी माझ्या भावापेक्षा मला जास्त ओळखते. ती म्हणाली, "मला एवढंच सांग, तू रडतेयस ती त्याची नोकरी जाईल म्हणून, की तो जाईल म्हणून?"

"दोन्ही."

"मग हात धुऊन ये. दोन्हीसाठी रडायचं तर पोटात काहीतरी हवं."

सोमवारी मीटिंग लागली. पेटी थांबली होती, लॅबवाल्यांना तारीख पुढची दिली होती. लांब टेबल. एका टोकाला मॅडम, चष्मा डोक्यावर चढवलेला. शेजारी आमचा शिक्का. सगळं टिपून घेणं हे त्याचं काम, आणि 'हे रेकॉर्डवर घेऊ का?' हा त्याचा श्वास. पलीकडे थोरली. मी भिंतीकडे. पेटीवाला बरोबर माझ्यासमोर. दोन दिवसांत त्याने मला एक अक्षर पाठवलं नव्हतं.

या मीटिंगची आमच्याकडे पद्धत आहे. कुणाला दोष द्यायचा नाही, आवाज चढवायचा नाही. नुसतं 'का' विचारायचं. उत्तर आलं की त्यावर पुन्हा 'का'. तळ लागेपर्यंत. खोटं बोलायची किंवा गप्प बसायची मुभा नाही. मॅडम त्यात वस्ताद आहेत. अगदी मऊ आवाजात विचारतात, आणि माणूस आतड्यापर्यंत सोलला जातो.

"किल्ली आत होती," मॅडम म्हणाल्या. "का?"

"जावईबापूंना नवी पेटी स्वतः उघडता यावी म्हणून," पेटीवाला म्हणाला. आवाज सरळ होता.

"त्यांनी का उघडायची? ते तर तुझं काम."

"मी उघडेपर्यंत वेळ जायचा."

"वेळ गेला तर बिघडलं काय? का घाई?"

"चाचणी करणाऱ्याला ताटकळावं लागायचं."

"चाचणी करणाऱ्या तिघी आहेत," मॅडम म्हणाल्या. "तिघींनाही ही सोय दिलीस?"

पेटीवाल्याने शिक्क्याच्या कीबोर्डकडे पाहिलं. "नाही. एकीलाच."

"बाकीच्या दोघींना का नाही?"

"त्यांनी कधी कुरकुर केली नाही."

"मी रोज करते," थोरली म्हणाली. "तुझ्याच टेबलापाशी उभी राहून."

"हो का..." त्याने कपाळ पुसलं. "मला ऐकू आली नाही."

"का?" मॅडम म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाकडे पाहून, परीक्षेतलं शेवटचं उत्तर सांगावं तसं म्हणाला, "कारण मला ती आवडते, मॅडम. ती म्हणाली होती की वाट बघून कंटाळा येतो. मला तिला एक क्षणही ताटकळवायचं नव्हतं. मी किल्ली आत ठेवली, तेव्हा पेटीचा विचारच केला नाही. तिचाच केला."

थोरलीने पाण्याचा ग्लास अर्ध्यावर धरून ठेवला होता. मॅडमचा चष्मा डोक्यावरून घसरून नाकावर आला, आणि त्यांनी तो तसाच राहू दिला.

शिक्का खाकरला. "मॅडम, हे... कुठल्या रकान्यात घेऊ?"

"मूळ कारण," मॅडम म्हणाल्या. "जे आहे ते लिही."

तो लिहायला लागला. हजारो माणसांचे रिपोर्ट उघड्यावर पडायची वेळ आली होती ती माझ्या एका कुरकुरीमुळे, आणि एका मुलाने ती मनावर घेतली म्हणून. मला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या आत कुठेतरी असा आनंद झाला की त्याचीही लाज वाटली.

"आता तू," मॅडम माझ्याकडे वळल्या. मी दचकले. मला कुणी काही विचारेल असं स्वप्नातही नव्हतं. "तो समोर बसला होता, तेव्हा मेल पाठवलीस. बरोबर?"

"नियम आहे, मॅडम. आधी सांगायचं नाही."

"नियमात आधी सांगू नको एवढंच आहे. तो काहीतरी बोलत होता म्हणे. त्याचं बोलणं संपू द्यायचं, मग पाठवायची. चार वाक्यांनी काय बुडालं असतं? का नाही थांबलीस?"

मी नखं बघितली. खोटं बोलायची मुभा नाही.

"त्याचं बोलणं संपलं असतं तर मी पाठवलीच नसती."

आता तो दचकला. त्याने मान वर केली.

"का?" मॅडमचा आवाज अगदी खाली आला होता.

"कारण तो जे विचारणार होता त्याला मी हो म्हणाले असते. आणि हो म्हटल्यावर तो माझा झाला असता." मी आता त्याच्याकडेच बघत होते. "आपल्या माणसाचं भोक कुणी चव्हाट्यावर मांडत नाही, मॅडम. झाकतं. मीही झाकलं असतं. म्हणून तो परका होता तोवरच पाठवून टाकली."

शिक्क्याने या वेळी विचारलंही नाही, कुठल्या रकान्यात म्हणून. थोरलीने ग्लास खाली ठेवला आणि डोळे पुसले. नंतर ती म्हणाली, एसीमुळे आलं.

मॅडमनी उपाय सांगितले ते कोरडेच. किल्ली आज बाहेर. पेट्या उघडायला वेगळं मशीन, ते थोरली तपासेल. पेटीवाल्याला काढायचं नाही, पण पक्कंही करायचं नाही, पेटी पुन्हा उभी करून दाखवल्यावर बघू. "आणि घूस आजपासून याच्या पेटीला हात लावणार नाही. आवडत्या माणसाची पेटी कुणाला फोडता येत नाही. या वेळी आली, पुढच्या वेळी येईलच असं नाही."

ते काम माझा जीव होता. मी मान हलवली.

जिन्यात तो मला गाठायला धावत आला. वरच्या झरोक्यातून ओल्या मातीचा वास येत होता. आम्ही दोघं एकाच पायरीवर उभे होतो आणि दोघंही भिंतीशी बोलत होतो.

"रागावलायस?" मी विचारलं.

"दोन दिवस होतो. आईशीसुद्धा बोललो नाही." मग म्हणाला, "तुझी मेल मी किती वेळा वाचली माहितेय? चिडायला काहीतरी शोधत होतो. भोक होतं, किल्ली होती, सगळं होतं. मजकुरात माझं नाव कुठेच नव्हतं."

"नाव घालायचं नसतंच."

"बाकीचे घालतात. हळूच, कंसात." त्याने एकदाचं माझ्याकडे पाहिलं. "आणि आज तू वर जे बोललीस... मला वाटलं, मी ऐकतोय ते खरं नाही."

"तू काय कमी बोललास? शिक्क्याने सगळं लिहून घेतलंय. उद्या सगळ्या ऑफिसला मेल येईल."

"येऊ दे." तो हसला. या वेळचं हसू घाबरलेल्या माणसाचं नव्हतं. "मला एक भीती होती. मी चुकतो. पुष्कळ चुकतो. जिच्याबरोबर राहीन ती माझं चुकलेलं बघून गप्प बसेल, मला बरं वाटावं म्हणून, आणि एक दिवस सगळं माझ्या अंगावर कोसळेल. तू गप्प बसली नाहीस."

"बसणारच होते. सांगितलं की वर."

"पण तेही सांगितलंस ना."

मी त्याची बाही धरली. एकच घडी सुटलेली, ती कोपरापर्यंत नीट दुमडून दिली.

"हो," मी म्हणाले.

"मी अजून काही विचारलं नाही."

"मग विचार. मला वाट बघायचा कंटाळा येतो, हे तुला माहीत आहे."

तो पायरीवर मटकन बसला. मी त्याच्या शेजारी बसले. वरून थोरली खाली आली, आम्हाला बघून थबकली, आणि पर्स सावरत आमच्या मधून न जाता कडेने गेली. त्याने विचारलं. इतक्या हळू विचारलं की मला वाकून ऐकावं लागलं. त्याची नोकरी पक्की नव्हती, माझं आवडतं काम गेलं होतं, उद्या सगळं ऑफिस दात काढणार होतं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्याही भिंतीला भोक शोधत नव्हते.